यंत्रावर चालणारे काळीज आणि खेळणारे मूल

(मंडळाच्या सभासद-मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझी शाळा सातवीपर्यंत झाली आणि पुढचे सारे शिक्षण घरसंसारात झाले. तेव्हा बोलताना काही उणे-अधिक झाले तर आपण सांभाळून घ्यालच. चिटणीसबाई मला म्हणाल्या, "पुस्तकातले नको, तुम्हाला घरच्या अनुभवाने जे ठाऊक झाले आहे तेच सांगा." म्हणून मी विषय घेतला आहे तो असा, की ज्या मुलांच्या हृदयाला कायमचा पेसमेकर बसवलेला असतो, त्या मुलांनी पळावे-खेळावे की नाही, आणि खेळावे तर किती.

आपल्यापैकी काही जणी मनात म्हणतील, पेसमेकर ही म्हाताऱ्या माणसांची गोष्ट, मुलांचा तिच्याशी काय संबंध? पण माझ्या धाकट्या मुलीला चौथ्या वर्षी पेसमेकर बसला. आज ती तेरा वर्षांची आहे. या नऊ वर्षांत मी दवाखान्याच्या बाकावर जितकी बसले, तितकी कोणाच्या लग्नकार्यातही बसले नसेन. तिथे डॉक्टरांनी, नर्सबाईंनी आणि माझ्यासारख्याच इतर आयांनी जे सांगितले, त्यातून मला थोडेफार कळू लागले. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

आधी हृदयाचे काम कसे चालते ते पाहू. आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. त्याला चार कप्पे, दोन वरचे आणि दोन खालचे. वरच्या उजव्या कप्प्यात एक इवलीशी जागा आहे. तिथून दर ठोक्याला विजेचा बारीकसा निरोप सुटतो. तो निरोप आधी वरच्या कप्प्यांना मिळतो, मग मधल्या एका चौकीवर क्षणभर थांबतो, आणि तिथून खालच्या कप्प्यांकडे जातो. खालचे कप्पे आवळले की रक्त सर्व अंगभर जाते. नव्या जन्मलेल्या बाळाची नाडी मिनिटाला १२० ते १६० चालते. मूल वाढते तशी ती कमी होते. आपल्यासारख्या मोठ्या माणसांची ६० ते १०० च्या दरम्यान असते. मिनिटाला ८० ठोके धरले तरी दिवसाला एक लाखाच्या वर ठोके झाले. आपण रात्री भांडी घासून पाठ टेकतो, पण हृदयाला पाठ टेकणे माहीत नाही.

आता काही मुलांच्या बाबतीत असे होते, की वरून निरोप सुटतो पण मधल्या चौकीतून तो खाली पोचतच नाही. खालचे कप्पे मग आपल्या बुद्धीने सावकाश चालतात, मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा. याला डॉक्टर 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. पुष्कळ बायकांना हा शब्द ऐकला की रक्तवाहिनी तुंबल्याचा ब्लॉक आठवतो. तो वेगळा आणि हा वेगळा. येथे रक्ताची वाट बंद नसते, निरोपाची वाट बंद असते.

असे होण्याची मुख्य कारणे दोन. पहिले जन्मजात. आईच्या रक्तात काही विशिष्ट प्रतिद्रव्ये असतात, ती वारेतून पोटातल्या बाळाकडे जातात आणि त्या मधल्या चौकीला इजा करतात. पुष्कळदा आईला स्वतःला काहीच त्रास नसतो, तिला आपल्या रक्तात असे काही आहे याची कल्पनाही नसते. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांत एका बाळाला हा आजार होतो. भगिनींनो, अशा आईला कोणी "तुझ्या डोहाळ्यांनी झाले", "तू ग्रहणात बाहेर पडलीस" असे म्हणत असेल, तर त्या बाईला तिथल्या तिथे थांबवा. यात आईचा काडीइतका दोष नाही.

दुसरे कारण शस्त्रक्रियेचे. हृदयाच्या पडद्याला भोक असले तर ते शिवून बंद करतात. ती निरोपाची वाट त्या भोकाच्या अगदी काठाने जाते. कितीही जपून टाका घातला तरी शंभरातल्या एक-दोन मुलांत त्या वाटेला धक्का लागतो. पुष्कळदा काही दिवसांत सूज उतरते आणि वाट आपोआप मोकळी होते. आठ-दहा दिवस वाट पाहूनही ती मोकळी झाली नाही, तर कायमचा पेसमेकर बसवतात. माझ्या मुलीचे असेच झाले. भोक बंद झाले, त्या शस्त्रक्रियेने तिचा जीव वाचला, पण निरोप मात्र अडला तो अडलाच.

या यंत्राची कथा मला फार आवडते, कारण तिच्या मुळाशी मुले आहेत आणि एक गृहिणीही आहे. अमेरिकेत मिनियापोलिस नावाचे शहर आहे. तिथे डॉक्टर लिलेहाय हे लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया करत. ज्या मुलांचा निरोप अडे, त्यांच्या हृदयाला बारीक तार लावून ती बाहेरच्या यंत्राला जोडत. ते यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. म्हणजे वायर जेवढी लांब, तेवढेच मूल चालणार! १९५७ साली ३१ ऑक्टोबरला त्या शहराची वीज गेली. तेव्हा डॉक्टरांनी अर्ल बॅकन नावाच्या, यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला सांगितले, की विजेवाचून चालेल असे काही तरी करून द्या. बॅकन यांनी महिन्याभरात बॅटरीवर चालणारी, अंगावर बांधता येणारी लहानशी पेटी तयार केली. मुले भिंतीपासून सुटली.

पुढच्याच वर्षी, १९५८ च्या ८ ऑक्टोबरला, स्वीडन देशात स्टॉकहोम येथे पहिल्यांदा असे यंत्र माणसाच्या शरीराच्या आत बसवले गेले. रोगी होते आर्ने लार्सन, वय ४३. त्यांना दिवसातून कित्येक वेळा मूर्च्छा येई. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी डॉक्टर सेनिंग आणि इंजिनियर एल्मक्विस्ट या दोघांचा असा पिच्छा पुरवला, की शेवटी त्यांनी यंत्र करायला घेतले. बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात यंत्राचे भाग ओतून बसवले होते म्हणतात. पहिले यंत्र काही तासच चालले. दुसरे घातले. नंतर आयुष्यभरात वीसहून अधिक वेळा यंत्रे बदलली. पण लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ वर्षांपर्यंत जगले. यंत्र करणारे इंजिनियर १९९६ साली आणि डॉक्टर २००० साली वारले, रोगी दोघांच्याही मागे राहिला! सावित्रीची कथा आपण वडाला दोरा गुंडाळताना सांगतो. मला ही दुसरी सावित्रीच वाटते. फरक इतकाच, की ही यमाच्या मागे न जाता इंजिनियरच्या मागे लागली.

आज हे यंत्र काडेपेटीपेक्षा फार मोठे नसते. लहान मुलांत ते बहुधा पोटाच्या कातडीखाली ठेवतात आणि तारा हृदयाच्या बाहेरच्या बाजूला टाकतात, कारण मुलांच्या शिरा बारीक असतात आणि मूल वाढायचे असते. मोठ्या मुलांत यंत्र गळ्याच्या हाडाखाली ठेवून तारा शिरेतून आत नेतात. बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे पुरते. ती संपत आली, की यंत्र बदलावे लागते. आमचे एकदा बदलून झाले आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. यंत्र बसले, जीव वाचला, मूल घरी आले. पण त्या मुलात पळण्या-खेळण्याची ताकद किती?

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते. जोरात पळताना तेच वीस लिटरच्या घरात जाते, म्हणजे एका मिनिटात भरलेली मोठी बादली! हे कसे साधते? एक तर दर ठोक्याला थोडे जास्त रक्त जाते, आणि दुसरे म्हणजे ठोके वाढतात. मुलांमध्ये भर मुख्यतः ठोके वाढण्यावर असतो. निरोगी मूल जीव तोडून पळाले, तर त्याची नाडी दोनशेच्या आसपास जाते. म्हणून पेसमेकरवरच्या मुलाला पळायचे असेल, तर यंत्राला वेळेवर ठोके वाढवता आले पाहिजेत.

डॉक्टर सांगतात, की पेसमेकर असलेल्या मुलांची व्यायामाची ताकद तपासली, तर ती सरासरीने त्यांच्या वयाच्या निरोगी मुलांपेक्षा कमी भरते. पण सर्वांची सारखी कमी नसते. काही मुले जवळजवळ बरोबरीने पळतात, काही फार मागे पडतात. याची तीन कारणे मला समजली, ती अशी.

पहिले कारण हृदयाचे स्वतःचे. ज्या मुलाच्या हृदयाची घडणच वेगळी होती, मोठी शस्त्रक्रिया झाली, झडप गळते आहे, त्याची ताकद कमीच राहणार. शिवाय पुष्कळ वर्षे यंत्राने एकाच बाजूने ठोके दिले, तर काही मुलांत हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा होतो. म्हणून नेमलेल्या वेळी हृदयाची सोनोग्राफी चुकवू नये. मूल ठणठणीत दिसत असले तरीही चुकवू नये.

दुसरे कारण यंत्राच्या आकड्यांचे. हे मी जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या घरी हेच घडले.

धाकटी अकरा वर्षांची असताना तिची तक्रार सुरू झाली, की पळताना पहिल्यांदा छान वाटते आणि मग एकदम पाय शिशासारखे जड होतात. हळूहळू दमत नाही, एकदम दमते. डोळ्यांपुढे अंधारी येते, बसले की दोन मिनिटांत बरे वाटते. घरी ज्याला जे सुचेल ते तो सांगे. सासूबाई म्हणत, "पोरीला अशक्तपणा आहे, खारीक-बदाम घाला." जाऊबाई म्हणत, "वयात येते आहे, असे व्हायचेच." कोणी म्हणे, आळस आहे. मला मात्र तिचे ते 'एकदम' सारखे टोचत होते. आमच्याकडे जुने मिक्सर होते, ते जास्त वाटण घातले की हळूहळू मंद न होता खटकन् बंद पडे. तसेच काहीसे मला वाटे. मी ह्यांना म्हटले, "पुढच्या तारखेची वाट नको, आताच दाखवू." आणि डॉक्टरांपुढे ती 'एकदम' ही गोष्ट मी तीनदा सांगितली.

डॉक्टरांनी तिला चालत्या पट्ट्यावर चढवले. छातीला तारा लावल्या. तो पट्टा दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतो. नाडी वाढत गेली, १००, १२०, १४०. सातव्या मिनिटाला १५० झाली, आणि एकदम ७५! माझी पोर कठडा धरून उभी राहिली. डॉक्टर मात्र म्हणाले, "सापडले!"

त्यांनी मला असे समजावले. तिच्या हृदयाचा वरचा कप्पा चांगला आहे, पळू लागली की तो भराभर निरोप सोडतो. यंत्र प्रत्येक निरोप ऐकते आणि खाली पोचवते. पण एक निरोप पोचवल्यावर यंत्र क्षणभर कान बंद ठेवते, म्हणजे भलतेच आवाज ऐकून गोंधळ होऊ नये. निरोप फारच भराभर येऊ लागले, की एक कान उघडा असताना येतो आणि दुसरा कान बंद असताना. मग यंत्र एक सोडून एक निरोप पोचवते. वरती दीडशे आणि खाली निम्मे. ज्या वेळी अंगाला सर्वांत जास्त रक्त हवे, त्याच वेळी निम्मे मिळाले, तर पाय जड होणार नाहीत तर काय?

मोठ्या माणसांत यंत्राची वरची मर्यादा पुष्कळदा १२०-१३० च्या आसपास ठेवलेली चालते, त्यांना कुठे लगोरी खेळायची असते! पण मुलाला ती पुरत नाही. मूल वाढते, त्याचे खेळ वाढतात, तसे आकडेही पुन्हा बसवावे लागतात. लहानपणी शिवलेले परकर-पोलके आपण थोडेच जन्मभर पुरवतो! हे आकडे बदलायला कापाकापी लागत नाही. अंगावर यंत्राच्या जागी एक चकती ठेवतात आणि संगणकावर आकडे बदलतात. अर्ध्या तासाचे काम. पण ते कळण्यासाठी मुलाला पळवून पाहावे लागते. नुसत्या बसल्या जागेच्या पट्टीत ते दिसत नाही. म्हणून माझे प्रत्येक आईला सांगणे आहे, की मूल पट्ट्यावर चालण्याएवढे मोठे झाले, की "याची व्यायामाची तपासणी करू या का?" असे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.

काही मुलांचा वरचा कप्पाच मंद असतो, तो पळताना निरोप वाढवत नाही. त्यांच्या यंत्रात अंगाची हालचाल ओळखणारा भाग चालू करतात. अंग हलले, की यंत्र समजते, मूल पळते आहे, आणि ठोके वाढवते. हे हुशारीचे काम खरे, पण त्याला मर्यादा आहे. सायकल चालवताना पाय फिरतात पण धड स्थिर असते, म्हणून यंत्राला मेहनत कळत नाही. जिना चढताना कष्ट जास्त, पण धक्के कमी. उतरताना कष्ट कमी आणि धक्के जास्त. यंत्र बिचारे धक्केच मोजणार! आपले मूल सायकलीवर लवकर दमते की जिन्यावर, हे आईने पाहून ठेवले आणि डॉक्टरांना सांगितले, तर त्यांना आकडे बसवायला फार उपयोग होतो.

आता तिसरे कारण. आणि भगिनींनो, हे आपल्या हातातले आहे. ते म्हणजे बसवून ठेवणे. "पळू नकोस, पडशील. चढू नकोस, दमशील. तू बस, मी आणून देते." हे सगळे मायेपोटी असते, मला ठाऊक आहे. पण जो स्नायू वापरला नाही तो वाळतो. हात महिनाभर प्लास्टरमध्ये राहिला तर काय होतो ते आपण पाहतोच. वर्षानुवर्षे बसलेले मूल मग खरेच पळू शकत नाही, आणि आपण म्हणतो, "बघा, मी म्हटले नव्हते?" मिनियापोलिसच्या मुलांची वायर १९५७ साली सुटली. आपल्या मुलांना आपण मायेच्या वायरीने पुन्हा भिंतीला बांधू नये.

आमच्या धाकटीच्या शाळेत हेच झाले होते. शाळेचे नाव मी घेत नाही, कारण त्यांच्या मनात वाईट नव्हते. पण दोन वर्षे ही पोर खेळाच्या तासाला बाकावर बसून इतर मुलींच्या पाण्याच्या बाटल्या राखत होती. एकदा तिने विचारले, "आई, मी खेळायला आले नाही तर मला गुण कशाचे देतात गं?" त्या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? मी डॉक्टरांकडून एक पत्र लिहून घेतले. त्यात तीन गोष्टी स्पष्ट होत्या. कोणते खेळ चालतील, कोणते चालणार नाहीत, आणि चक्कर आली तर काय करायचे. ते पत्र घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. पहिल्यांदा म्हणाले, "जबाबदारी कोण घेणार?" दुसऱ्या खेपेस म्हणाले, "पाहू." तिसऱ्या खेपेस खेळाच्या शिक्षकांनीच पत्र मागून घेतले, नीट वाचले आणि म्हणाले, "अहो ताई, एवढे स्पष्ट कोणी सांगितलेच नव्हते. तिला तिच्या दमाने पळू द्यायला मला काय अडचण?" तेव्हा नुसते तोंडी सांगून भागत नाही. शाळेलाही भीती असते. ती भीती कागदाने जाते.

कोणते खेळ चालतात, ते सांगते. पण हे सर्वसाधारण आहे, प्रत्येक मुलाचे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. चालणे, पळणे, लंगडी, बॅडमिंटन, दोरीवरच्या उड्या, नाच, सायकल आणि जखम पूर्ण भरल्यावर पोहणे, हे पुष्कळ मुलांना चालते. कबड्डी, कुस्ती, कराटेची मारामारी, जिथे यंत्रावर थेट मार बसेल किंवा तार ओढली जाईल, ते टाळायचे. यंत्र गळ्याखाली असेल, तर त्या बाजूच्या हाताला सारखे हिसके बसतील असे खेळ विचारूनच खेळावेत. मंगळागौरीच्या फुगड्यांचेही तसेच, जोरकस फुगडीआधी विचारलेले बरे. यंत्र नवे बसवल्यावर पहिले चार ते सहा आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि जड उचलू नये. सूर्यनमस्कार त्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्यावर.

ताकद वाढवायची ती हळूहळू. आकडे बदलल्यावर आम्ही रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली. दर आठवड्याला थोडे वाढवत अर्ध्या तासावर आणले, मग मधून मधून पळणे. माप साधे ठेवले. पळताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता आले नाही तरी चालेल. बोलताही येईना, तर वेग कमी करायचा. नाडी मोजायला मी तिला शिकवले. मनगटावर तीन बोटे ठेवायची, घड्याळात अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायची. सहा महिन्यांनी पुन्हा पट्ट्यावर चढवले. पहिल्या वेळी सात मिनिटांत थांबली होती, आता साडेनऊ मिनिटे चालली, आणि नाडी १७५ पर्यंत सरळ चढत गेली. तिच्या वयाच्या निरोगी मुलींपेक्षा हे अजून कमीच आहे. ती शर्यतीत पहिली येणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण आता ती बाटल्या राखत नाही.

सावधपणाही सांगितला पाहिजे. खेळताना चक्कर आली, मूर्च्छा आली, छातीत दुखले, किंवा नाडी डॉक्टरांनी सांगितलेल्या खालच्या आकड्यापेक्षा मंद लागली, तर खेळ तिथेच थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. यंत्राच्या जागी लाली, सूज, पाणी येणे दिसले तरी तसेच. पूर्वी पळणारे मूल काही आठवड्यांत मागे पडू लागले, तर तो आळस समजू नये. तार खराब होणे, बॅटरी उतरणे, हृदय दुबळे होणे, यांची पहिली खूण पुष्कळदा खेळातच दिसते. जे मूल कधी खेळतच नाही, त्याची ही खूण कोणाला दिसणार? खेळू देण्याचा हाही एक फायदा आहे.

घरातले थोडे नियम. मोबाईल यंत्रापासून वीतभर दूर ठेवावा, शर्टच्या वरच्या खिशात नको. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब उभे राहावे. लोहचुंबक यंत्राजवळ आणू नये. साधे मिक्सर, टीव्ही, पंखा यांची भीती नाही. यंत्राचे कार्ड नेहमी जवळ असावे. एम.आर.आय. तपासणीची वेळ आली, तर आधी पेसमेकर असल्याचे सांगावेच सांगावे.

खर्चाची काळजी प्रत्येक घराला असते. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू झाला, त्यात जन्मजात हृदयरोगही पाहिला जातो. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. आपल्या मुलाला कोणत्या योजनेतून काय मिळू शकते, याची चौकशी शस्त्रक्रियेच्या आधी करावी, नंतर नव्हे. कागद आधी जमवले तर धावपळ निम्मी होते.

एक नाजूक गोष्ट राहिली. मुलगी असली, की लोक पेसमेकर लपवायला सांगतात. "कोणाला सांगू नका, पुढे लग्नाचे अवघड होईल." मला हा सल्ला फार जणींनी दिला, आपुलकीनेच दिला. पण लपवले तर शाळेला कळणार नाही, मैत्रिणींना कळणार नाही, आणि मैदानात चक्कर आली तर जवळच्या माणसाला काय करावे ते कळणार नाही. शिवाय लपवलेल्या गोष्टीची मुलीला लाज वाटू लागते. पेसमेकर असलेल्या बायका शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतही होतात. मग लाज कसली? माझी मुलगी पोटावरचा व्रण दाखवून मैत्रिणींना सांगते, "माझी बॅटरी इथे आहे." तिच्या त्या बोलण्याने मला कित्येकदा धीर दिला आहे.

आता मंडळाला माझी दोन नम्र सूचना आहेत. एक, दर वर्षी आपण मुलांचे खेळ घेतो. त्यात पहिला-दुसरा नंबर असतोच. त्याबरोबर एक फेरी अशी ठेवावी, जिथे प्रत्येक मुलाने मागच्या वर्षीच्या स्वतःपेक्षा किती पुढे गेले एवढेच मोजावे. अशा फेरीत पेसमेकरचे मूल, दम्याचे मूल, पाय अधू असलेले मूल, सगळी उतरू शकतील. दुसरी, आपल्या सभासदांपैकी ज्या शिक्षिका आहेत, त्यांनी आपल्या वर्गात कोणी मूल खेळाच्या तासाला नेहमी बाकावर असते का, ते पाहावे. असेल तर त्याच्या आईला एवढेच विचारावे, "बाई, डॉक्टरांनी खेळू नको म्हटले आहे, की आपणच?" उत्तर काहीही येवो, त्या विचारण्याने एक पाऊल पुढे पडेल.

यंत्राचे काम यंत्र करते, डॉक्टरांचे डॉक्टर करतात. मूल किती दमते, केव्हा दमते, एकदम की हळूहळू, हे डोळ्यांत तेल घालून पाहणे, आणि भीती वाटत असतानाही त्याला अंगणात सोडणे, हे काम आपले आहे. त्याला सातवी पुरते.